लिंबूटिंबू नको, गडी म्हणून घ्या: गावच्या खेळांत आणि जत्रेत अपंगांना सामील करण्याची पूर्वतयारी

पकडापकडी खेळताना धाकटं भावंड मागं लागलं की आम्ही त्याला लिंबूटिंबू करायचो. पळायचं, ओरडायचं, पण त्याच्यावर राज्य येणार नाही आणि ते बादही होणार नाही. पोरगं चार दिवस खुशीत असायचं. पाचव्या दिवशी त्याला कळायचं, आपण या खेळात नाहीच. मग ते रडत घरी जायचं.

जत्रेतल्या नाहीतर गणपतीतल्या स्पर्धांमध्ये अपंग माणसाचं आपण नेमकं हेच करतो. मीही केलंय. तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कुलात पीटीचा मास्तर होतो. निवृत्तीनंतर यात्रा कमिटीत बसायला लागलो आणि पहिल्याच वर्षी मोठ्या उत्साहानं ‘अपंगांची शर्यत’ ठेवली. गडी चार: एक कुबड्यांवरचा, एक हात नसलेला, एक ऐकू न येणारा आणि एक डोळ्यांनी अधू. शिट्टी वाजली. ऐकू न येणारा पोरगा बाकीचे पळालेले बघून मग पळाला, तरी पहिला आला. लोकांनी टाळ्या मात्र कुबड्यांवरच्या पोराला दिल्या. माइकवाल्यानं गळा काढून ‘बघा मंडळी, देवानं पाय नेले पण जिद्द दिली’ असं काहीतरी म्हटलं. दुसऱ्या वर्षी चौघांपैकी एकही आला नाही. कुबड्यांवरच्या पोराला कारण विचारलं तर म्हणाला, “सर, मला शर्यत पाहिजे होती. तुम्ही माझी मिरवणूक काढली.”

त्यानंतर सहा-सात वर्षं चुकत-माकत जे शिकलो ते इथं लिहितोय. आमचं गाव लहान आहे आणि वर्गणी त्याहून लहान, त्यामुळं यातलं सगळं कुठल्याही मंडळाला जमण्यासारखं आहे.

दोन महिने आधी: घरोघर जा

ग्रामपंचायतीत दिव्यांगांची यादी असते. ती घ्या, पण तिच्यावरच थांबू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. त्यांत हिमोफिलिया (जखमेचं रक्त लवकर न थांबणं), थॅलेसेमिया (रक्ताचा जन्मजात आजार), मानसिक आजार, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्यातल्या जखमाही येतात. यातली बरीच नुसतं बघून कळत नाहीत आणि यादीतही नसतात. आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविका यांना प्रत्येक घर ठाऊक असतं, त्यांना सोबत घ्या.

घरी गेल्यावर बोलायचं ते त्या माणसाशी, त्याच्या आईशी नव्हे. सगळ्यात जास्त चुकतं ते इथंच. पोरगं समोर बसलेलं असतं आणि आपण आईला विचारतो, “हा काय खेळेल का?” प्रश्नही बदला. “तुला जमेल का?” विचारलं की उत्तर बहुतेक ‘नाही’ येतं, कारण जन्मभर तेच ऐकलेलं असतं. “तुला काय आवडतं आणि काय सोय केली तर येशील?” असं विचारा. एकीनं मला सांगितलं, “मला खेळायचं नाही, मला स्कोअर लिहायचाय.” गेली तीन वर्षं आमची गुणपत्रिका तिच्याच हातात आहे आणि एकदाही भांडण झालेलं नाही. अपंग माणूस आला म्हणजे तो खेळलाच पाहिजे असं नाही. पंच, माइकवाला, खजिनदार यांतलं काहीही तो होऊ शकतो. निदान दोघांना तरी कमिटीतच घ्या, म्हणजे पुढच्या निम्म्या चुका आधीच टळतील.

हाक कशी मारायची? सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ आहे. काहींना तो शब्द आवडतो, काहींना त्यात उगीचच देवत्व दिल्यासारखं वाटतं आणि ते सरळ ‘अपंग’ म्हणतात. ज्याचं त्याला विचारा. पण गावात पडलेलं लंगड्या, मुका, चकणा असलं नाव पत्रिकेवर किंवा माइकवर येता कामा नये, मग स्वतः तो माणूस त्यावर हसत का असेना.

प्रमाणपत्राचं काय? गावच्या खेळासाठी ते मागू नका. मात्र कुणाकडं नसेल तर या निमित्तानं काढून द्या. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. अपंगत्व ४० टक्क्यांच्या आत असेल तर कार्डावर पांढरा पट्टा, ४० ते ८० च्या आत पिवळा आणि ८० पासून पुढं निळा. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के लागतात.

निमंत्रणाचंही एक सांगून ठेवतो. आपण व्हॉट्सॲपवर रंगीत पोस्टर टाकतो. डोळ्यांनी न दिसणाऱ्याचा मोबाइल मजकूर वाचून दाखवतो, पण चित्रातली अक्षरं त्याला बऱ्याचदा वाचता येत नाहीत. पोस्टरखाली तोच मजकूर टाइप करा. ऐकू न येणाऱ्यांसाठी वेळापत्रक कागदावर छापा, कारण भोंग्यावरची घोषणा त्यांच्यासाठी झालेलीच नसते.

महिनाभर आधी: अंगण

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण आपण बहाणे सांगणाऱ्याला मारतो. चाकाच्या खुर्चीत बसून आमच्या मैदानावर एक चक्कर मारली तेव्हा मला कळलं की कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं. गेटपासून मंडपापर्यंत तीन ठिकाणी मला उचलावं लागलं. कमिटीच्या प्रत्येकानं ही चक्कर मारावी, माझा आग्रहच आहे.

उताराचा हिशेब सोपा आहे: एक फूट चढायला बारा फूट लांबी. पायरी सहा इंचांची असेल तर उतार सहा फुटांचा. स्टेज दोन फूट उंच असेल तर चोवीस फूट. गावचा गवंडी हमखास आठ फुटांत उरकतो आणि वर ‘मागून ढकलायचं की’ म्हणतो. ढकलायला लागणारा उतार काय कामाचा? रुंदी चार फूट ठेवा आणि दोन्ही कडांना दोन-तीन इंचांची उंच पट्टी ठोका, म्हणजे चाक खाली घसरत नाही. चोवीस फुटांना जागा नसेल तर मार्ग सोपा आहे: स्टेजच वापरू नका. सगळ्यांची बक्षिसं खाली जमिनीवर द्या. पाहुणे खाली उतरू शकतात.

मऊ मातीत खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात. मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवला तर उत्तम. आमच्याकडं रोलर मिळाला नाही तेव्हा एका दूधवाल्यानं अक्कल दिली. गोठ्यात जनावरांखाली घालतात त्या रबरी मॅट एकाला एक लावून अंथरल्या. धुऊन घ्याव्या लागतात, वास दोन दिवस राहतो, पण खुर्ची झकास चालते. सतरंजी मात्र नको, चाकाखाली गोळा होते.

आता संडास. यावर कुणी बोलत नाही म्हणून मी जरा जास्त बोलतो. आमच्या पहिल्या दोन वर्षांत अपंग बायका-मुली आल्याच नाहीत. घरचे पाठवत नाहीत असं आम्ही धरून चाललो. आशाताईंनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं: जायचं कुठं? कार्यक्रम सहा तासांचा, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत किंवा येतच नाहीत. मैदानाजवळच्या शाळेचा नाहीतर घरचा एक कमोड असलेला संडास ठरवून घ्या. दार तीन फुटांचं, बाहेर उघडणारं. आत भिंतीला जीआय पाइपचा दांडा पक्का बसवलेला. आत पाणी आणि आतून लागणारी कडी. सोबत एक बाई कार्यकर्ती. एवढं केल्यावर तिसऱ्या वर्षी नऊ जणी आल्या.

वेळ सकाळची धरा. आपल्या जत्रा बऱ्याचशा उन्हाळ्यात, आणि आटपाडी, जत, माणकडचं ऊन वेगळं सांगायला नको. मणक्याला वरच्या भागात मार बसलेल्या माणसाला त्या खालच्या अंगाला घाम नीट येत नाही, त्यामुळं अंग झटकन तापतं. त्याच्याजवळ ओला टॉवेल आणि पाणी मारायची बाटली ठेवा.

नियम बदला, पण सोडू नका

आपले जुने खेळच आठवा. लंगडीत राज्य असलेला धडधाकट गडी एका पायावर खेळतो. आंधळ्या कोशिंबिरीत राज्य आलेल्याच्या डोळ्यांवर पट्टी. हे नियम कुणाला विचित्र वाटत नाहीत. मग उभं राहून नव्हे तर बसून खेळायचा व्हॉलीबॉल तरी विचित्र का वाटावा?

तो आधी सांगतो, कारण तो सगळ्यांना एकत्र आणतो. मैदान १० मीटर लांब, ६ मीटर रुंद. नेटची वरची कड पुरुषांसाठी १.१५ मीटर, बायकांसाठी १.०५ मीटर. एका बाजूला सहा गडी. चेंडू मारताना बूड जमिनीला टेकलेलं पाहिजे आणि समोरच्याची सर्व्हिस जागेवर अडवायला परवानगी आहे. मोठ्या स्पर्धांत अपंग खेळाडूच असतात, पण गावात तीन अपंग आणि तीन बाकीचे असा संघ करा. कॉलेजचे व्हॉलीबॉलपटू पहिल्या पाच मिनिटांत गुडघ्यावर उठतात आणि फाउल होतात. पोलिओमुळं जन्मभर हातांवर सरकलेला माणूस त्यांना धुऊन काढतो. ती मजा बघण्यासारखी असते.

अंध क्रिकेटमध्ये कडक प्लॅस्टिकच्या चेंडूत छर्रे असतात, आवाजावर खेळायचं. गोलंदाजी खालून. गोलंदाज आधी ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजानं ‘येस’ म्हटलं की ‘प्ले’ म्हणून चेंडू सोडतो. खेळपट्टीच्या मध्याच्या आधी चेंडूचा टप्पा पडलाच पाहिजे. अकरा जणांत किमान चार पूर्ण अंध असतात. त्यांच्या धावा दुप्पट धरतात आणि एका टप्प्यानंतर त्यांनी घेतलेला झेल चालतो. तसा चेंडू मिळाला नाही तर साधा चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, सरपटताना चांगला खुळखुळतो. प्रेक्षकांना एकच काम: चेंडू चालू असताना तोंड बंद. आमच्या गावाला याचा सराव व्हायला दोन वर्षं लागली.

अंध धावपटूसोबत वाटाड्या पळतो. दोघांच्या हातांत एकाच दोरीची टोकं असतात. वाटाड्यानं ओढायचं नाही, पुढं जायचं नाही, आणि शेवटची रेघ खेळाडूनं आधी ओलांडायची. म्हणून वाटाड्या खेळाडूपेक्षा वेगवान लागतो आणि निदान आठवडाभर दोघांचा सराव लागतो. ऐनवेळी पुतण्याला धरून उभं केलं तर दोघं पडतात. वाटाड्या मिळालाच नाही तर कंबरेइतक्या उंचीवर दोन खांबांना ताणून दोरी बांधा, तीत आधी ठिबकच्या पाइपचा वीतभर तुकडा ओवा. तो धरून पळायचं. खांबाच्या दहा मीटर आधी दोरीला गाठ मारा, हाताला गाठ लागली की शर्यत संपली.

बुद्धिबळाचा अंधांसाठीचा पट वेगळा मिळतो. त्यात काळी घरं जरा उंच, प्रत्येक घराला भोक, सोंगट्यांना खाली खुंटी, आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर टोचणारी खूण. हात लावून बघायला परवानगी, चाल तोंडानं सांगायची. डोळस खेळाडूनं स्वतःचा साधा पट समोर ठेवावा.

ऐकू न येणाऱ्यांसाठी फारसं बदलावं लागत नाही, आणि म्हणूनच आपण ते विसरतो. शर्यत झेंडा खाली करून सुरू करा. कबड्डीत शिट्टीबरोबर झेंडा दाखवा आणि ३० सेकंदांच्या चढाईतले शेवटचे पाच सेकंद पंचानं चढाई करणाऱ्याच्या समोर येऊन बोटांवर मोजावेत. जवळच्या कर्णबधिर शाळेतल्या शिक्षकाला दिवसभरासाठी बोलवा, मानधन द्या.

बसून गोळाफेक करायला लोखंडी खुर्ची लागते, चाकांची नव्हे. बैठकीची उंची, गादी धरून, ७५ सेंटिमीटरच्या आत. चार खुंट्या ठोकून दोरांनी ती आवळून बांधा, नाहीतर गोळ्याबरोबर माणूसही जातो. फेकताना बूड उचललं तर फाउल. आमची खुर्ची वेल्डिंगवाल्यानं पाणी तापवायच्या बंबाच्या जुन्या स्टँडपासून केली.

सगळ्यात अवघड भाग गटांचा. ‘अपंग’ असा एकच गट करणं म्हणजे माझ्या पहिल्या शर्यतीची पुनरावृत्ती. पॅरा खेळांत, म्हणजे अपंगांच्या अधिकृत स्पर्धांत, गट कशावरून पडतात ते सचिन खिलारींवरून सांगतो. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा हा गडी. शाळेत असताना सायकलवरून पडला, गँगरीन झालं आणि डावा हात अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यानं गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं, ते एफ ४६ गटात. यातला एफ म्हणजे फेकीचे खेळ आणि ४६ म्हणजे एका हाताचं अपंगत्व असलेले, उभं राहून फेकणारे खेळाडू. अंधांचे गट ११ ते १३, बसून फेकणाऱ्यांचे पन्नाशीतले. आजाराचं नाव काय यापेक्षा त्या खेळात शरीर काय करू शकतं, हे बघायचं.

गावात एवढे गट पाडायला माणसं नसतात. तिथं हा तोडगा वापरा. आठवडाभर आधी प्रत्येकाची १०० मीटरची वेळ घ्या. समजा, एकाला ३४ सेकंद लागले आणि दुसऱ्याला २५. शर्यतीत पहिल्याला आधी सोडा आणि दुसऱ्याला नऊ सेकंदांनी. खांद्यावर थाप मारून सोडलं की ऐकण्याचाही प्रश्न नाही. शेवटच्या वीस मीटरला सगळे बरोबरीत येतात आणि मैदान उभं राहून ओरडतं. चाचणीत मुद्दाम हळू पळणारे निघतात, गावात हुशारीला तोटा नाही. म्हणून वेळ दोनदा घ्या आणि चांगली धरा.

एकदा नियम ठरला की तो पाळायचा. बाद म्हणजे बाद. अंध फलंदाजाचा त्रिफळा उडाला आणि पंचानं दया येऊन ‘राहू दे, अजून एक’ म्हटलं, तेव्हा तो फलंदाजच चिडला आणि बॅट टाकून निघून गेला. त्याचं बरोबर होतं.

जपायच्या गोष्टी

हिमोफिलिया असलेल्या पोराला कुस्ती, कबड्डी नाही, बुद्धिबळ नाहीतर कॅरम द्या. डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेचा सांधा सैल असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी, कुस्ती नको. फिट येणाऱ्याची आधी माहिती घ्या. फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका आणि कांदा-चप्पल हुंगवणाऱ्या मंडळींना लांब ठेवा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. पायांची संवेदना गेलेल्याला तापलेल्या लोखंडी खुर्चीवर बसवू नका, भाजलेलं त्याला कळत नाही.

आणि विचारल्याशिवाय कुणाला उचलायचं नाही, खुर्ची ढकलायची नाही, अंधाचा हात पकडून ओढायचा नाही. आपली कोपर पुढं करा, त्याला हवी तर तो धरेल.

माइक आणि बक्षीस

माइक कुणाच्या हातात जातो यावर अर्धा कार्यक्रम अवलंबून असतो. आमच्या माइकवाल्याला मी तीन शब्द बंद केले: बिचारा, असूनही, देवाची लीला. त्याऐवजी कुस्तीच्या फडात बोलतो तसंच बोलायचं: कुठल्या गावचा, कुणाच्या तालमीतला, मागच्या वर्षी किती फेकला, यंदा किती. पैलवानाच्या पोटाचा घेर आपण कौतुकानं सांगतो, पण त्यानं कुठला डाव टाकला तेही सांगतोच. इथंही डाव सांगा.

शाळेत पोरांना विचारलं की स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक कुणाचं, तर कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं नाव लगेच येतं, हेलसिंकी, १९५२. कराड सोडून पुणे-बंगळूर हायवेनं कोल्हापूरकडं पुढं आलं की पेठनाका लागतो. त्या पेठचे मुरलीकांत पेटकर. सैन्यात होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्ण जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. दोन्ही नावं माइकवरून एका दमात घ्या.

बक्षिसाची रक्कम सारखी ठेवा. खुल्या गोळाफेकीला दोन हजार आणि बसून गोळाफेकीला टिफिनचा डबा, असं करू नका. वर्गणी कमी असेल तर दोघांनाही डबा द्या. सगळ्या सहभागींना ‘विशेष सत्कार’ म्हणून शाल-नारळ देणंही मी बंद केलंय. हरलेल्याला हरू द्या, पुढच्या वर्षी तो तयारीनं येतो.

खेळ संपल्यावरचं गाव

महाप्रसादाची पंगत घ्या. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी कोपऱ्यात वेगळं टेबल लावलं की ते दिवसभराचे पाहुणे होतात. आम्ही प्रत्येक रांगेच्या टोकाला एक बाक आणि उंच स्टूल ठेवतो, घरचे शेजारीच बसतात. अंधांसाठी तर आपली वाढपाची रीतच कामाची आहे: मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडं, भाजी उजवीकडं. वाढप्यांनी ती मोडली नाही तर पान न विचारता जेवता येतं. पत्रावळीच्या मध्यभागी सगळं ओतणाऱ्या पोरांना मी आता पाण्याच्या जगावर ठेवतो.

हळदीकुंकवाला अपंग बाईला बोलावतात का, लग्नाच्या मांडवात तिला पुढं बसवतात का, हे कमिटीच्या हातात नाही. पण गणपतीच्या आरतीचा मान कुणाला द्यायचा हे मंडळाच्या हातात असतं. आणि ग्रामसभा वरच्या मजल्यावर भरत असेल तर ती खाली आणायला एक अर्ज पुरतो.

पैसे

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. बऱ्याच ठिकाणी ते वर्षाअखेर थोडे-थोडे वाटून संपवतात. वैयक्तिक मदत कुणाची तोडू नका, पण मैदानाचा पक्का उतार, संडासातला दांडा असल्या कायमच्या कामांची मागणी ग्रामसभेत लेखी द्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या. अर्जात दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३० चा उल्लेख करा, ते खेळांबद्दलच आहे. ग्रामपंचायतीचे अधिकारी सावरून बसतात. बाकी आमचा खर्च उगीच फुगवून सांगत नाही: सगळ्यात महाग पडला तो अंध क्रिकेटचा चेंडू मागवणं आणि खुर्चीचं वेल्डिंग. उरलेलं सगळं उसनवारीवर.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, मांडव सुटायच्या आत, खेळाडूंसोबत बसा आणि काय चुकलं ते वहीत उतरवा. आठवड्यानं विचारलं तर सगळे ‘छान झालं सर’ म्हणतात. आमच्या वहीतलं यंदाचं पान असं आहे: मॅट पाच कमी पडल्या, पुढच्या वेळी तेरा. संडासातली कडी फार वर. दोरीची गाठ खांबाच्या फार जवळ, दहा मीटर म्हणजे दहा मीटर. भोंगा क्रिकेटच्या वेळी बंद करणे, देवळातलाही. गुणपत्रिकावाल्या ताईंना पुढच्या वर्षी पंच व्हायचंय, नियमांचं पुस्तक देणे. मॅट धुऊन परत करणे, एक अजून आपल्याकडंच.